तांबे सिस्टर आणि पहिली नस

तुमच्या नाकाला आजवर एका तरी डॉक्टरानं काही विचारलंय का?

नाक वाहतंय का, चोंदलंय का, हे नव्हे. ती नळाची चौकशी झाली. वास येतो का, कसला येतो, दोन्ही बाजूंनी सारखा येतो का, असं डोळे मिटायला लावून कुणी विचारलंय? आठवून बघा. डोळ्यांत बॅटरी मारली असेल, गुडघ्यावर हातोडी आपटली असेल, जीभ तर शाळेच्या तपासणीपासून दर वेळी बाहेर काढायला लावली असेल. नाक मात्र चेहऱ्याच्या मधोमध, सगळ्यांच्या पुढे उभं राहूनही रांगेत शेवटी. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात आणि त्यातली पहिलीच वासाची असते, हे मला शाळेनं सांगितलं नाही. ज्या नर्सिंग होममध्ये मी 'नर्स' होते तिथेही कुणी सांगितलं नाही. ते तांबे सिस्टरांनी सांगितलं. आणि मी विसरले तेव्हा माझंच अक्षर माझ्यासमोर धरून पुन्हा सांगितलं.

तांबे सिस्टर मूळच्या रत्नागिरीकडच्या. मुंबईतल्या एका सरकारी इस्पितळात त्या सिस्टर ट्यूटर होत्या, म्हणजे नर्सिंगच्या मुलींना शिकवणाऱ्या. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्या भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात राहायला आल्या. एकट्याच होत्या. बुटक्या, काटक, केसांचा अंबाडा इतका घट्ट की भुवया थोड्या वर ओढल्यासारख्या दिसत. त्यामुळे समोरचा काहीही बोलला तरी त्यांना ते पटलेलं नाही असं वाटायचं. बहुतेक वेळा पटलेलं नसायचंही.

त्यांची इमारत त्या काळच्या आमच्या सगळ्या इमारतींसारखी होती. तीन मजले, मजल्यावर चार बिऱ्हाडं, एकूण बारा. गच्चीवर भली मोठी टाकी आणि टाकीत पाणी नाही. बिल्डरनं जाहिरातीत चोवीस तास पाणी म्हटलं होतं. किती दिवसांतले चोवीस तास, ते म्हटलं नव्हतं. टँकर आला की अख्खी इमारत कळश्या घेऊन खाली धावायची आणि त्या एका कार्यक्रमात गुजराती, मराठी, हिंदी असा काही भेदभाव उरायचा नाही. सगळे सगळ्यांना सारखंच ढकलायचे.

त्या कोरड्या टाकीच्या सावलीत सिस्टरांचा रविवारचा वर्ग भरायचा. वर्गाला आम्ही मुली. मीरा रोड-भाईंदरला तेव्हा नवी नर्सिंग होम्स धडाधड उघडत होती आणि प्रत्येकाला नर्सेस हव्या होत्या. शिकलेल्या नव्हे, पांढऱ्या. दहावी झालेली मुलगी सोमवारी साडीच्या दुकानात घड्या घालायची आणि मंगळवारी पांढरा ड्रेस चढवून सलाइन लावायची. सलाइन कुठे लावायचं ते तिला आदल्या मंगळवारी आलेली मुलगी शिकवायची. ही आमची विद्यापीठं. सिस्टरांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला नाही, पेपरला पत्र पाठवलं नाही. जिन्याखाली एक कागद चिकटवला: 'रविवारी अकरा वाजता. वही आणा. फुकट आहे म्हणून उशिरा येऊ नका.'

माझ्या वडिलांना हा कागद फार मिळमिळीत वाटला. आमच्या घरात भिंतींना रंग नव्हता, पत्रकं होती. भाऊ, म्हणजे माझे वडील, वस्तीतल्या प्रत्येक सभेचं पत्रक लिहायचे आणि मी ती दारोदार वाटत मोठी झाले. त्यांनी रात्र जागून वर्गासाठी पत्रक काढलं. 'मेंदूवरील गुलामगिरीचे जोखड झुगारून द्या' अशी सुरुवात होती. सिस्टरांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"भाऊ, छान आहे. उद्गारचिन्हं सतरा आहेत."

भाऊ खूश झाले.

"वर्ग किती वाजता आहे ते कुठे लिहिलंय?"

ते कुठेच नव्हतं. भाऊंनी पेन काढून कोपऱ्यात 'अकरा' लिहिलं आणि महिनाभर सिस्टरांशी बोलले नाहीत. मला मात्र वर्गाला पाठवलं. तत्त्वाचा माणूस.

शिकवायला सिस्टरांकडे सांगाडा नव्हता. खालच्या शिंप्याकडून त्यांनी दोऱ्याची रिकामी रिळं आणली, सुंभात ओवली आणि म्हणाल्या, हा कणा. रिळांच्या भोकांतून गेलेला सुंभ म्हणजे मज्जारज्जू. दर दोन रिळांमधून त्यांनी लोकरीचे धागे बाहेर काढले: हा हाताकडे, हा पोटाकडे, हा पायाच्या अंगठ्यापर्यंत. मग वर बोट केलं. "मेंदू म्हणजे ही टाकी. मज्जारज्जू म्हणजे खाली जाणारा मोठा पाइप. नसा म्हणजे घराघरात गेलेले छोटे पाइप. टाकीत पाणी असतं तर उदाहरण जास्त पटलं असतं. पण बारा नसा मात्र या मोठ्या पाइपाच्या भानगडीत पडत नाहीत. त्या टाकीच्या बुडातूनच निघतात आणि डोकं, चेहरा, मान सांभाळतात."

त्या बारा पाठ करायला त्यांनी अख्खी इमारत वापरली. दोन नंबरमधले शहा दिवसभर खिडकीत बसून कोण आलं कोण गेलं बघायचे, म्हणून दुसरी नस नजरेची. तीन, चार आणि सहा या बिऱ्हाडांतली माणसं मिळून एकच टँकर-समिती चालवायची, तशा या तीन नसा मिळून डोळा फिरवतात. तिघांपैकी एक रुसला की डोळा वाकडा. पाच नंबरच्या वहिनींना सगळंच झोंबायचं, म्हणून पाचवी चेहऱ्याच्या संवेदनेची, शिवाय जबड्याचीही, कारण वहिनींचा जबडाही थांबत नसे. सातमधल्या काकूंचा चेहरा सगळं सांगून टाकायचा. आठवीला भिंतीपलीकडलं ऐकू यायचं. दहा नंबरचे सेक्रेटरी कामाशिवाय सगळ्या मजल्यांवर हिंडायचे, तशी दहावी नस घशातून निघून छातीत जाते, पोटात जाते, जिथे तिथे डोकावते. बारावी जिभेची, आणि बारा नंबरात कोण राहत होतं ते मी लिहीत नाही, त्या अजून हयात आहेत.

"आणि एक नंबर?" कुणीतरी विचारलं.

एक नंबरमध्ये एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. टँकर आल्याचं त्यांना कुणी सांगत नसे.

"तेच," सिस्टर म्हणाल्या. "पहिल्या नंबरला कुणी विचारत नाही. म्हणून तुम्ही सुरुवात तिथून करायची."

त्यांच्या पर्समध्ये कॅमेऱ्याच्या रोलच्या पाच काळ्या डब्या असत. एकीत लवंग, एकीत कॉफीची पूड, एकीत अंगाच्या साबणाचा तुकडा, एकीत संत्र्याची साल. पाचवी रिकामी. पेशंटनं डोळे मिटायचे, एक नाकपुडी बोटानं बंद करायची, दुसरीखाली डबी धरायची, मग बाजू बदलायची. रिकामी डबी केव्हाही मधेच. "ती सगळ्यात महत्त्वाची," त्या म्हणत. "तिच्यावरून नाक नाही कळत, माणूस कळतो."

हे आम्हाला पटलं ते एका साहेबांमुळे. निवडून आलेले एक स्थानिक पुढारी वर्गाला भेट द्यायला आले, गळ्यात झेंडूचा हार, मागे चार माणसं. वर्गासाठी हॉल देतो म्हणाले. सिस्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, साहेब, मुलींना प्रात्यक्षिक दाखवायचंय, तुमचं डोकं जरा वापरते. माणसं हसली नाहीत, कारण साहेब हसले नव्हते. साहेबांनी भुवया उंचावल्या, गाल फुगवले, दात दाखवले. दात दाखवण्याची त्यांना सवय होती. सिस्टरांनी त्यांच्या खांद्यांवर हात ठेवून दाबले आणि म्हणाल्या, आता खांदे उडवा. साहेबांनी जोरात उडवले.

"अकरावी, खांद्यांची, उत्तम," सिस्टर आम्हाला म्हणाल्या. "पाण्याचं विचारलं की साहेबांचा रोज हाच व्यायाम होतो. साहेब, जीभ. सरळ बाहेर आली, कुठेच झुकत नाही. म्हणजे नसेत दोष नाही. बाकीचं आपण तपासत नाही."

मग डोळे मिटून डब्या. लवंगेला साहेब म्हणाले, लवंग. कॉफीला म्हणाले, कॉफी. रिकाम्या डबीपाशी जरा थांबले, मान डोलावली आणि म्हणाले, "गुलाब."

सिस्टरांनी डबी उपडी करून आम्हाला दाखवली, आत काही नव्हतं. साहेबांचे डोळे अजून मिटलेले होते. "लिहा मुलींनो," त्या म्हणाल्या. "नाक ठीक." हॉल काही मिळाला नाही.

वर्गात एका शब्दाला बंदी होती: 'नॉर्मल'. वहीत तो लिहिला की सिस्टर पान परत करायच्या. "नॉर्मल म्हणजे काय? डोळ्याची बाहुली किती मिलिमीटर? प्रकाशानं आकसली का? दोन्ही? ते लिही. नॉर्मल हा शब्द न बघणाऱ्यांनी काढलाय." ओरडायच्या नाहीत. फक्त एक प्रश्न विचारायच्या, तोच प्रश्न दर वेळी, त्याच आवाजात: "बघितलंस का, की लिहिलंस?" बघितलं नसेल तर 'तपासलं नाही' असं स्पष्ट लिहायचं. त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. आम्हाला वाटायचा, कारण आम्हाला पांढरा ड्रेस होता.

आता हिराबाईंबद्दल सांगते, आणि स्वतःला वगळून सांगता येत नाही म्हणून तेवढ्यापुरती मीही येते.

हिराबाई तारोडीच्या कोळीण. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात सुक्या मासळीच्या रांगेत बसायच्या: बोंबील, सुकट, वाकट्या. त्यांची जागा त्यांच्या आईची होती. त्या रांगेतल्या सहा बायकांची एक रीत होती. नवी गोणी आली की आधी हिराबाई तोंड उघडून तिच्यात गळ्यापर्यंत डोकं घालायच्या. बाहेर आल्या की म्हणायच्या 'घ्या' किंवा 'न्हाय'. त्यांच्या 'घ्या'वर सहाही जणी माल उचलायच्या. कोवळं ऊन लागलंय की कडक, पावसाचा शिंतोडा बसलाय का, आतून ओल धरलीय का, सगळं त्या नाकाला कळायचं. दिसायला बोंबील छान पांढरा असायचा आणि हिराबाई 'न्हाय' म्हणायच्या, आणि चार दिवसांनी त्याच व्यापाऱ्याची दुसरी गिऱ्हाइकं बोंब मारायची. सिस्टरही बोंबील त्यांच्याकडूनच घेत.

एक दिवस टेम्पोच्या फळकुटावरून उतरताना हिराबाई मागे पडल्या आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली. मुलानं त्यांना आमच्या नर्सिंग होमला आणलं. दोन दिवस राहिल्या. उलटी नाही, फीट नाही, चालतायत, बोलतायत. मोठे डॉक्टर राउंडला आले, डोळ्यांत बॅटरी मारली, जीभ बघितली आणि दाराकडे वळता वळता मला म्हणाले, "लिख दे, क्रेनियल नर्व्ज बाराही नॉर्मल." मी लिहिलं. डिस्चार्जच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात. माझं अक्षर चांगलं आहे. पत्रकं लिहून लिहून झालंय.

पुढचं मला महिनाभरानं कळलं. हिराबाईंनी नव्या गोणीत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि 'घ्या' म्हणाल्या. सहा जणींनी माल घेतला. आतून ओल धरलेली होती. मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीतली दोन कुटुंबं मासळी परत घेऊन आली, एकाचं पोर उलट्यांनी आडवं झालं होतं. दुसऱ्या गोणीलाही तेच झालं. मग रांगेत कुजबुज सुरू झाली की हिरा व्यापाऱ्याला सामील झाली. हिराबाई म्हणाल्या, पडल्यापासून मना वासच येत न्हाय. मग आधी का सांगितलं नाही? कारण सांगायची लाज वाटली. तीस वर्षं आपल्या नाकावर सहा घरं चालली, ते गेलं हे तोंडानं कसं सांगायचं? सर्दी असेल, जाईल, म्हणून त्या थांबल्या होत्या. घरी तर रोज सुनेशी भांडण. "हिच्या हाताला चव न्हाय," एवढंच त्या म्हणत, आणि सून सुनंदा ताट आपटायची.

रांगेतल्या थोरल्या गोदूबाईंनी हिराबाईंच्या मुलाकडून कागद मागवला आणि शेजारच्या दुकानदाराकडून वाचून घेतला. कागद म्हणाला, डोक्याच्या बाराही नसा नॉर्मल. म्हणजे नाक चांगलं आहे. म्हणजे हिरा खोटं बोलते. रविवारच्या बाजारानंतर तिची जागा काढून घ्यायची असं ठरलं.

त्याच आठवड्यात सिस्टर बोंबील आणायला गेल्या होत्या. संध्याकाळी माझ्या घरी आल्या, तो कागद हातात.

"हे अक्षर तुझं?"

"हो, सिस्टर."

"पहिली कुणी तपासली?"

"डॉक्टर म्हणाले, बाराही..."

"ते मी विचारलं नाही. बघितलंस का, की लिहिलंस?"

भाऊ पलीकडे पत्रक लिहीत बसले होते. अन्यायाविरुद्धच असणार. त्यांचं पेन थांबलं.

"लिहिलं," मी म्हणाले.

सिस्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, उद्या सकाळी ओपीडीला हिराबाईंना घेऊन येते, तू ड्यूटीवर असशीलच.

डॉक्टरांनी दोघींना बसायला सांगितलं. हिराबाईंचं ऐकलं, म्हणजे घड्याळ बघत ऐकलं, आणि बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणायची अमोनियाची बाटली उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. हिराबाई ताडकन मागे गेल्या, डोळ्यांतून पाणी आलं.

"देखा? नाक फर्स्ट क्लास है," डॉक्टर म्हणाले. "ड्रामा है, सिस्टर. घरका झगडा होगा."

"डॉक्टर, झोंबलं ते पाचवीला. पहिलीला अजून कुणी विचारलेलंच नाही."

"सिस्टर, एकेक नस विचारत बसलो तर ओपीडी कधी संपायची? वासाशिवाय कुणी मरत नाही."

"मग बारा कशाला लिहिता? अकरा लिहा. मी हात जोडीन तुम्हाला."

डॉक्टरांनी बेल वाजवून पुढचा पेशंट बोलावला. सिस्टरांनी पर्समधून पेन काढून माझ्यापुढे धरलं. "सही त्यांची आहे, तिला आपण हात लावायचा नाही. अक्षर तुझं आहे. दुरुस्त तू कर." मी खाली लिहिलं, 'पहिली नस तपासली नव्हती', आणि माझं नाव घातलं. डॉक्टरांनी ते वाचलं आणि मला उद्यापासून न येण्याची सूचना केली. ही सूचना मात्र त्यांनी नीट, सविस्तर, एकही मुद्दा न गाळता केली.

रविवारी वर्ग गच्चीवर भरला नाही, बाजारात भरला. रांगेतल्या बायका पाट्या आवरून बसल्या होत्या. हिराबाई आपल्या जागेवर मांडी घालून, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. सुनंदा मागे उभी, तोंड फिरवून.

"शिस्टर, तुमी कशाला मधी पडता?" गोदूबाई म्हणाल्या. "कागुद बोलतंय."

"कागद चुकला होता. बघा, लिहिणारीनं स्वतःच लिहिलंय." सिस्टरांनी मला पुढे केलं. गोदूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ती नजर अजून जात नाही.

"कागद ठेवा बाजूला," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही स्वतःच बघा. हिराबाई, डोळे मिटा."

लवंग. डावी नाकपुडी, उजवी नाकपुडी. "काय न्हाय." कॉफी. "न्हाय." साबण. "न्हाय." संत्रं. हिराबाईंनी पुन्हा एकदा हुंगलं, आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "न्हाय गो बाय." रिकामी डबी. "न्हाय."

"ह्यात काय मोठं?" एक जण म्हणाली. "न्हाय न्हाय तर मी पन बोलीन."

"बरोबर बोललात," सिस्टर म्हणाल्या. "या, तुम्ही बसा इथे. समजा तुम्ही खोटं बोलताय. व्यापाऱ्याला सामील आहात आणि नाक मेलं म्हणून सांगायचंय. मिटा डोळे."

ती हसत हसत बसली. लवंगेला 'न्हाय', साबणाला 'न्हाय'. मग सिस्टरांनी पिशवीतून अमोनियाची बाटली काढली. बाई दचकून मागे सरकली, डोळे भरले, खोकली आणि तरीही जिद्दीनं म्हणाली, "न्हाय, काय न्हाय." रांग हसायला लागली.

"आता हिराबाई."

बाटली नाकाखाली गेली. हिराबाईंनी मान झटकली, पदरानं डोळे पुसले. "झोंबलं," त्या म्हणाल्या. "लय झोंबलं. पन वास न्हाय."

सिस्टर बाटलीचं बूच लावत होत्या. "नाटक करणारी सगळ्यालाच नाही म्हणते, कारण तिला माहीत नसतं की वास वेगळा आणि झोंबणं वेगळं. दोन्हीच्या नसा वेगळ्या. हिराबाईंना झोंबलं, ते त्यांनी सांगितलं. वास आला नाही, तेही सांगितलं. आणि सुनंदा, जेवणाचं विचार त्यांना. मीठ लागतं का?"

"मीठ लागतं," हिराबाई म्हणाल्या. "गोड लागतं. बाकी सगला भुसा."

"जीभ शाबूत आहे. चवीतलं बाकी सगळं नाक देतं. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, पोरी."

सुनंदानं पहिल्यांदा वळून बघितलं.  गोदूबाईंनी समोरची बंद गोणी पायानं हिराबाईंच्या दिशेनं सरकवली. माफी मागायची त्यांची तीच पद्धत असावी. "बस तुजे जाग्यावर. पन वास कोन घेनार?"

हिराबाईंनी सुनेकडे बघितलं नाही. नुसतं म्हणाल्या, "ही घेल. मी इचारीन, ती सांगल."

पुढची कित्येक वर्षं ते दृश्य मी बाजारात बघितलंय. सुनंदाचं डोकं गोणीत, आणि बाहेर बसलेल्या हिराबाई एकेक प्रश्न टाकतायत. आंबूस हाय? कुबट हाय? आंबूस म्हंजे ताकासारखा का पावसाल्यातल्या गोधडीसारखा? आतून सुनेचा आवाज, आणि शेवटी सासूचा निकाल: घ्या. नाक एकीचं, तीस वर्षं दुसरीची. एवढं एकमत त्या घरात चुलीवर कधी झालं नाही.

ही गोष्ट मी पुढे अनेक सभांत सांगितली. व्यवस्था, दुर्लक्ष, शोषण, सगळे शब्द वापरून. टाळ्या मिळाल्या. सिस्टरांनी एकदा ऐकली आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे. फक्त त्यात डब्या राहिल्या, संत्र्याची साल राहिली."

सिस्टरांच्या धाकानं मी रीतसर नर्सिंगला गेले, नोकरी लांब लागली, रविवार कमी झाले. शेवटची भेट नव्वदचं दशक संपता संपता. जिना चढत होते तेव्हा दुसऱ्या मजल्यापासूनच दूध करपल्याचा वास येत होता. दार उघडंच होतं. सिस्टर बाहेरच्या खोलीत कॉटवर पेपर वाचत बसल्या होत्या, आणि आत गॅसवर पातेलं काळंठिक्कर झालं होतं. मी धावत जाऊन गॅस बंद केला. बाहेर आले तर त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"करपलं?"

मी मान हलवली. त्यांनी उशाखालचं रजिस्टर काढून दिलं. पहिल्या पानावर त्यांचंच नाव. दर पंधरा दिवसांची नोंद. 'संत्रं: येतं. कॉफी: बहुतेक.' पुढे 'लवंग: डावीकडे नाही.' आणखी पुढे नुसतं 'नाही, नाही.' अक्षर पानागणिक बारीक होत गेलेलं. पेपर धरलेल्या हाताचा अंगठा सारखा हलत होता. ते त्यांनीही लिहून ठेवलं होतं. कंपवात कधी कधी आधी वास नेतो आणि मग हाताकडे वळतो, हे मला नंतर कळलं. 'नॉर्मल' कुठेच नव्हतं.

"कुणाला सांगितलं का नाहीत, सिस्टर?"

"लिहिलंय की. लपवलं कुठे?" मग पेपरची घडी घालत म्हणाल्या, "पण ही तपासणी खरी नव्हे गं. हातात कुठली डबी घेतलीय ते मला ठाऊक असतं. डोळे मिटणाऱ्याच्या समोर दुसरं माणूस लागतं."

दहा वर्षं तो वर्ग चालला. आम्ही एकमेकींना तपासलं, शेजाऱ्यांना तपासलं, साहेबांना तपासलं. न विचारणाऱ्यांविरुद्ध मी इतकी पत्रकं लिहिली. सिस्टरांना मात्र आमच्यातल्या एकीनंही कधी विचारलं नव्हतं.

पर्स खुंटीवरच होती. मी पाचही डब्या काढल्या. सिस्टरांनी पाठ ताठ केली, डोळे मिटले, हलणाऱ्या अंगठ्यानं डावी नाकपुडी बंद केली आणि हनुवटी वर केली. वर्गातली मुलगी पहिल्या बाकावर बसते तशी. मी आधी रिकामी धरली. "काही नाही." मग लवंग. त्या खूप वेळ थांबल्या. इतका वेळ मी कुणालाच थांबलेलं बघितलं नव्हतं. गुलाब म्हणाल्या असत्या तरी मी लिहिलं असतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "बघितलंस ना? मग लिही."

तेव्हा तुम्हाला एक काम सांगते. सभा नाही, सही नाही, घोषणा नाही. स्वयंपाकघरात जा, मसाल्याच्या डब्यातली एक लवंग घ्या, आणि घरातल्या ज्या माणसाला आजवर कुणी काही विचारलं नाही त्याच्यासमोर जाऊन बसा. त्याला डोळे मिटायला सांगा. आधी एक बाजू, मग दुसरी, आणि मधे एकदा रिकामी मूठ. घाई करू नका. तो जे म्हणेल ते तारीख घालून लिहून ठेवा. मग लवंग त्याच्या हातात द्या आणि तुम्ही डोळे मिटा.